देव शिस्त लावतो म्हणजे नक्की काय करतो? निफाडच्या एका ताईंच्या प्रश्नाला उत्तर

ताई, जय ख्रिस्त.

आधी तुमचं म्हणणं मांडतो, म्हणजे मला बरोबर कळलंय का ते तुम्हालाही दिसेल. निफाडजवळची पप्पांची द्राक्षबाग काढणीच्या तोंडावर गारपिटीत गेली, सोसायटीचं कर्ज तसंच राहिलं आणि त्याच वर्षात पप्पांना पॅरालिसिसचा अटॅक आला, उजवी बाजू गेली, बोलणं अडखळतं. मग मंडळीतले दोन एल्डर, म्हणजे वडीलजन, घरी आले, प्रार्थना केली, मलाखी ३ वाचला (दशमांश, म्हणजे कमाईचा दहावा भाग, न देणाऱ्यांवर शाप आहे असं सांगणारा अध्याय) आणि जाता जाता म्हणाले की दशमांश बंद होता ना, देव शिस्त लावतोय, कबूल करा म्हणजे हे थांबेल. तुम्ही रागाने इब्री लोकांस पत्राचा १२ वा अध्याय काढला तर तिथे पण तेच, प्रभू ज्याच्यावर प्रीती करतो त्याला शिस्त लावतो. आता पप्पा भिंतीकडे तोंड करून पडून असतात आणि तुम्ही विचारताय की देव प्रेम करतो म्हणून मारतो का, आणि पप्पांना मी काय सांगू.

देव आपल्या लेकरांना शिस्त लावतो हे मी पूर्ण विश्वासाने मानतो. आणि त्या एल्डरांनी तुमच्या पप्पांना जे सांगितलं ते त्या वचनात नाहीये, हेही तितक्याच विश्वासाने सांगतो. मी नाशिकमध्ये बरीच वर्षं पाळकीय काम करतोय, वॉर्डात बसलोय, कर्जात बुडालेल्या घरांत बसलोय, आणि या एका अध्यायाने माणसं उभी राहिलेली पण बघितलीत आणि पार मोडलेली पण बघितलीत.

आता इब्री १२ एकटा काढून वाचू नका, दोन अध्याय मागे जा, १०:३२ पासून. हे पत्र ज्यांना लिहिलं त्यांचं काय झालं होतं बघा. त्यांची चारचौघात बेअब्रू झाली होती, तुरुंगात पडलेल्यांना ते भेटायला जायचे, त्यांच्या बाजूने उभे राहायचे, आणि त्यांची स्वतःची मालमत्ता लुटली गेली होती. म्हणजे त्यांच्यावर संकट आलं ते पाप केलं म्हणून आलं नव्हतं, येशूला धरून राहिले म्हणून आलं होतं, बरोबर वागले म्हणून आलं होतं. आणि अशा लोकांना लेखक म्हणतो, हे शिस्त म्हणून सोसा, देव तुम्हाला पुत्रांसारखं वागवतोय. त्या अख्ख्या भागात तुमचं अमुक पाप शोधा, म्हणजे हे थांबेल असं एक वाक्य नाही. पापाशी झगडा असं आहे, अडथळा करणारं सगळं टाकून पळा असं आहे, पण तुमची मालमत्ता तुमच्या पापामुळे गेली असं कुठेही नाही. मी हे इतकं घोळवून सांगतोय कारण आपल्याकडे शिस्त म्हटलं की डोक्यात लगेच मास्तरची छडी येते, आधी गुन्हा मग मार. तिथे चित्र वेगळं आहे, बाप मुलाला घडवतोय, आणि घडवायला गुन्हा लागत नाही. त्याच पत्रात ५:८ ला तर स्वतः येशूबद्दल लिहिलंय की तो पुत्र असूनही जे सोसलं त्यातून आज्ञाधारकपणा शिकला. येशूचं कोणतं पाप होतं? मग सोसणं आणि पाप ही जोडी आपोआप लागते असं म्हणणाऱ्याने आधी या वचनाचं काय करायचं ते सांगावं.

दुसरी गोष्ट, आणि ही पप्पांना सगळ्यात आधी ऐकवा. शिक्षा भरून झालेली आहे. यशया ५३ मध्ये आहे ना, आपल्याला शांती मिळावी म्हणून जी शिक्षा होती ती त्याच्यावर पडली, आणि रोमकरांस ८:१, जे ख्रिस्त येशूत आहेत त्यांना आता दंडाज्ञा नाही. पप्पा विश्वासणारे आहेत, मग देव त्यांच्याकडून दशमांशाची थकबाकी उजव्या हाता-पायातून वसूल करतोय असं जर कोणी म्हणत असेल तर तो वधस्तंभावर जे झालं ते कमी पडलं असं म्हणतोय, आणि मला हे ऐकून खरंच त्रास होतो कारण म्हणणाऱ्याला ते कळतही नसतं. बाप शिस्त लावतो तो मुलगा घरात आहे म्हणून, घरात घ्यायचं का नाही हे ठरवण्यासाठी लावत नाही.

मलाखीबद्दल बोलायलाच लागेल, कारण ३:११ मध्ये द्राक्षवेलीचाच उल्लेख आहे, वेलीचं फळ अकाली गळणार नाही असं, आणि निफाड-दिंडोरीकडच्या बागायतदाराला हे वचन वाचून दाखवलं की ते थेट काळजात जातं. पण ते वचन जुन्या करारातल्या, मोशेच्या नियमशास्त्राखालच्या इस्राएल राष्ट्राला आहे, मंदिराच्या कोठारासाठी, आणि तिथला शाप त्या कराराचा शाप आहे. गलतीकरांस ३:१३ सांगतं की ख्रिस्ताने आपल्याला नियमशास्त्राच्या शापातून सोडवलं. दान द्यावं का, हो द्यावं, आनंदाने द्यावं, मी पण देतो आणि मंडळीला शिकवतो, पण दान बंद झालं म्हणून गारपीट आली हा हिशोब पौलाने कधी मांडला नाही. आणि एक साधा प्रश्न, गारा फक्त पप्पांच्याच बागेवर पडल्या का? शेजारच्या गटातली बाग, जिचा मालक कधी चर्चच्या दारात आलेला नाही, ती पण झोपली असेल, आणि कोणा नियमित दशमांश देणाऱ्याची पण. येशूने मत्तय ५:४५ मध्ये सांगितलंय की पिता नीतिमान आणि अनीतिमान दोघांवर पाऊस पाडतो. लूक १३ मध्ये तर तो अजून स्पष्ट बोलतो, शिलोहाचा बुरूज पडून १८ माणसं मेली, ती यरुशलेमच्या बाकी लोकांपेक्षा जास्त पापी होती असं तुम्हाला वाटतं का, नाही, मी सांगतो. आणि योहान ९ मध्ये जन्मांध माणसाला बघून शिष्यांनी विचारलं पाप कोणी केलं, याने का याच्या आईबापाने, तर येशू म्हणाला दोघांनीही नाही.

मग देव एखाद्या ठरावीक पापासाठी शिस्त लावतच नाही का? लावतो, हे मी लपवणार नाही. दावीद राजाने दुसऱ्याची बायको बथशेबा घेतली आणि तिच्या नवऱ्याला मारवलं, त्यानंतर देवाने त्याला सोडलं नाही. करिंथ मंडळीत प्रभुभोजनाच्या वेळी श्रीमंत आधी खाऊन घ्यायचे आणि गरीब उपाशी राहायचे, त्याबद्दल पौलाने लिहिलं की म्हणून तुमच्यात पुष्कळ जण अशक्त आणि आजारी आहेत (१ करिंथ ११). पण यात एक गोष्ट बघा जी मला अनुभवात पण परत परत दिसलीय, देव जेव्हा एखादं पाप सुधारायला बघतो तेव्हा तो कोडं घालत नाही. नाथान संदेष्टा दावीदाकडे गेला आणि तोंडावर म्हणाला, तो मनुष्य तूच आहेस, आणि काय केलंस तेही नाव घेऊन सांगितलं. करिंथकरांना पौलाने नेमकं काय चुकतंय ते लिहून कळवलं. पवित्र आत्मा बोट ठेवतो तिथे माणसाला माहीत असतं की हो, हेच. कोणाचे पैसे बुडवले, भावाशी बोलणं तोडलं, बायकोवर हात उचलला, असं काहीतरी ठोस. आणि माफी मागण्याचा रस्ता पण समोर दिसत असतो. याउलट, काहीतरी चुकलं असेल, आठव, अजून आठव, असं रात्रभर जे डोकं पोखरतं आणि ज्याला शेवटच नसतो, ते बापाचं काम मला वाटत नाही. पप्पांना काही ठोस आठवत असेल आणि ते बोलायचं असेल तर ऐका, माफ करा, प्रार्थना करा, संपलं. नसेल आठवत तर उकरत बसू नका.

तुम्ही बागेतल्या आहात म्हणून एक सांगतो, बाकी हे उदाहरण येशूचंच आहे, योहान १५, पिता माळी आहे आणि फळ देणाऱ्या प्रत्येक फांदीला अजून फळ यावं म्हणून छाटतो. एप्रिलची खरड छाटणी तुम्ही लहानपणापासून बघितलीय. ऐन उन्हात वेल उघडीबोडकी करून टाकतात, बाहेरचा माणूस बघेल तर म्हणेल बाग मेली यांची. आणि त्याच दिवसात नव्या काडीच्या डोळ्यात पुढच्या हंगामाचा घड आत तयार होत असतो, वरून काहीच दिसत नाही, दिसतो तो ऑक्टोबरची छाटणी झाल्यावर. इब्री १२:११ मध्ये जे नंतर आहे ना, कोणतीही शिस्त त्या वेळी आनंदाची वाटत नाही, दुःखाचीच वाटते, पण नंतर फळ देते, ते मला या बागांमध्येच नीट समजलं. पण इथेच एक भेद धरून ठेवा. गारांनी पण फांद्या तुटतात आणि कात्रीने पण तुटतात, म्हणून गारा म्हणजे कात्री होत नाहीत. गारपिटीच्या दुसऱ्या दिवशी पप्पा बागेत गेले असतील, तुटलेलं काढलं असेल, जे वाचलं ते सांभाळलं असेल, त्या मोडतोडीतूनच पुढची काडी कशी धरायची ते बघितलं असेल. देव आपल्या दुःखात तेच करतो असं मी मानतो. प्रत्येक घाव त्याने घातलेला नसतो पण कुठलाही घाव त्याच्या हाताबाहेर पण नसतो. योसेफ, ज्याला भावांनीच गुलाम म्हणून विकलं होतं, त्याच भावांना उत्पत्ती ५०:२० ला हेच म्हणाला, तुम्ही माझं वाईट योजलं, देवाने त्यातून चांगलं योजलं. भावांचं पाप पापच राहिलं, त्याला देवाची शिस्त म्हणून त्याने पांढरं फासलं नाही.

हे फार गरजेचं आहे, कारण या शिकवणीचा सगळ्यात घाणेरडा वापर इथेच होतो. आपल्या नाशिकचंच बघा. एकोणिसाव्या शतकात गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं इथे नाशिकमधल्या शरणपूरला मिशनमध्ये आणून शिकवली जायची, त्यातलाच जेकब वेनराइट, जो मिशनरी आणि प्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टनचा मृतदेह आफ्रिकेतून समुद्रापर्यंत आणणाऱ्यांत होता आणि १८७४ मध्ये थेट लंडनपर्यंत त्याच्यासोबत गेला. देवाने त्या मुलाच्या आयुष्यातून काय काय केलं. पण म्हणून त्याला पकडून विकणाऱ्यांचं काम ही देवाची प्रेमळ शिस्त होती असं म्हणायची कोणाची जीभ उचलेल? तसंच, नवरा मारतो आणि मंडळीतली माणसं त्या बाईला सांगतात की सोस, देव तुला घडवतोय. नाही. तिला आधी त्या घरातून सुरक्षित बाहेर काढा, पोलिसात जायचं तर सोबत जा, आणि शिस्तीची गरज त्या नवऱ्याला आहे. वचनात पण बघा, इब्री १२:१० मध्ये लेखक स्वतः कबूल करतो की आपले शारीरिक बाप त्यांना बरं वाटेल तशी शिस्त लावायचे, म्हणजे चुकायचेही, पण देव आपल्या हितासाठीच लावतो. ज्यांचा बाप दारू पिऊन मारायचा त्यांना देव बापासारखा शिस्त लावतो हे वाक्य ऐकताच अंगावर काटा येतो, आणि त्यांच्याशी बोलताना मी इब्री १२ ने कधीच सुरुवात करत नाही. स्तोत्र १०३:१३ ने करतो, बाप जशी मुलांवर दया करतो तसा परमेश्वर, कारण आपण माती आहोत हे तो आठवतो.

आता एल्डरांकडे परत येतो. ते दुष्ट नाहीत, ते आले, बसले, प्रार्थना केली, पुष्कळ जण तेवढंही करत नाहीत. पण ईयोबाचं पुस्तक काढा. ५:१७ मध्ये एक वाक्य आहे, देव ज्याला शिस्त लावतो तो माणूस धन्य, सर्वशक्तिमानाची शिस्त तुच्छ मानू नकोस. अगदी नीतिसूत्रे ३ सारखं, आणि नीतिसूत्रे ३ च इब्री १२ मध्ये उचललंय. म्हणजे शिकवण एकदम खरी. बोलतोय कोण? अलीफज, ईयोबाचा मित्र, दहा लेकरं गमावलेल्या आणि राखेत बसून खापरीने अंग खाजवणाऱ्या माणसाला. आणि पुस्तकाच्या शेवटी ४२:७ मध्ये देव अलीफजलाच म्हणतो, माझा राग तुझ्यावर आणि तुझ्या दोन मित्रांवर भडकलाय, तुम्ही माझ्याविषयी यथार्थ बोलला नाहीत. खरं वचन, चुकीच्या माणसाला, चुकीच्या वेळी, चुकीचं कारण जोडून, आणि देव त्याला खोटं धरतो. ते मित्र ७ दिवस ७ रात्री ईयोबाजवळ जमिनीवर गप्प बसले होते ना, तेवढंच त्यांचं चांगलं काम, बिघडलं ते तोंड उघडल्यावर.

आणि याच्या उलट स्तोत्र ११९:७१ बघा, मी पीडित झालो हे माझ्यासाठी बरं झालं, त्यामुळे तुझे नियम शिकलो. इथे बोलणारा स्वतः सोसणारा आहे. मी. माझ्यासाठी. मला वाटतं सगळी किल्ली इथे आहे. देव मला या दुःखातून घडवतोय हे वाक्य ज्याचं दुःख आहे त्याने म्हणावं, देवासमोर, त्याची वेळ आली की. दुसऱ्याने त्याच्या पलंगाशी उभं राहून म्हणू नये. जलालपूरच्या, म्हणजे आपल्या नाशिकजवळच्याच, लक्ष्मीबाई टिळक यांचंच बघा. १८९५ साली त्यांचे पती, कवी नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला आणि बाईंचा संसार एका दिवसात फुटला, काही वर्षं नवऱ्यापासून लांब काढली, मग १९०० मध्ये त्यांनी स्वतःच्या मनाने बाप्तिस्मा घेतला. त्या मधल्या वर्षांत कोणा ख्रिस्ती माणसाने जाऊन त्यांना ऐकवलं असतं की बाई, देव तुम्हाला शिस्त लावतोय, तर मला नाही वाटत त्या कधी येशूकडे वळल्या असत्या. जे उमजलं ते त्यांचं त्यांना, त्यांच्या वेळेने.

मग पप्पांना काय सांगायचं. नीतिसूत्रे ३:११ दोन बाजूंना जाऊ नको म्हणतं, शिस्त तुच्छ मानू नको आणि तिला कंटाळून खचू नको. तुच्छ मानणं म्हणजे मला काही झालंच नाही, प्रेज द लॉर्ड, सगळं छान आहे, असं करत राहणं. आपल्याकडे यालाच विश्वास समजतात आणि माणूस आतून कोरडा होत जातो. पप्पांना रडू द्या, रागावू द्या. येशूने मोठ्याने आक्रोश करत, डोळ्यात पाणी आणून प्रार्थना केली असं इब्री ५:७ म्हणतं. स्तोत्र ८८ तर अंधारातच संपतं, एक उजेडाची ओळ नाही, आणि तरी ते प्रार्थना म्हणून बायबलमध्ये आहे. आणि दुसरी बाजू, खचणं, भिंतीकडे तोंड करणं, देवाने मला टाकलं असं धरून बसणं. पप्पा आत्ता इथे आहेत आणि एल्डरांच्या बोलण्याने अजून ढकलले गेलेत. त्यांना सांगा, पप्पा, देव तुमच्यावर रागावलेला नाही. याचं कारण काय ते आम्हाला माहीत नाही. पण तो इथेच आहे. इतकंच, आणि रोज सांगा, एकदा सांगून ते आत जात नाही.

अनुवाद ८ पण वाचून दाखवा. बाप मुलाला लावतो तशी शिस्त परमेश्वर तुला लावतो असं तिथे ५ व्या वचनात आहे, पण आधीच्याच ओळींत काय आहे, त्याने तुला भूक लागू दिली आणि मान्ना, म्हणजे अरण्यात देवाने पुरवलेलं अन्न, खायला घातला, ४० वर्षं तुझे कपडे झिजले नाहीत, पाय सुजले नाहीत. अरण्यात नेणारा आणि रोज सकाळी खायला घालणारा एकच. तुमच्याकडे मान्ना कुठून येतोय ते बघा, शेजारची बाई न सांगता भाकरी-कालवण आणून देते, भाऊ रात्रपाळी करून सकाळी पप्पांना अंघोळ घालतो, हे मोजायची सवय लावा. पप्पांकडून लगेच साक्ष मागू नका, रविवारी उभं राहून सांगा देवाने काय शिकवलं असं तर अजिबात नको. सातपूरची कंपनी बंद पडून घरी बसलेला एक भाऊ मला कितीतरी वर्षांनी म्हणाला की ते दिवस परत नकोत, पण त्याआधी मला गेटवरच्या वॉचमनचं नावसुद्धा माहीत नव्हतं, आता मी माणसं बघायला शिकलो. तेव्हा, त्या वर्षात मी त्याला हे विचारलं असतं तर त्याने मला घराबाहेर काढलं असतं आणि ते बरोबरच होतं.

आणि इब्री १२:१२-१३ कोणी वाचत नाही, शिस्तीबद्दल बोलून झाल्यावर लेखक लगेच तिथे येतो, गळालेले हात आणि लटपटणारे गुडघे सरळ करा, पायांसाठी रस्ते नीट करा, म्हणजे लंगडं आहे ते अजून उखळू नये, बरं व्हावं. हे मंडळीला सांगितलंय. एल्डरांना भेटा, भांडू नका, हे वचन दाखवा आणि सांगा की आम्हाला तुमची गरज आहे, पण कबुलीसाठी नाही, पप्पांना आठवड्यातून दोनदा नाशिकला फिजिओथेरपीला न्यायला गाडी पाहिजे, विम्याच्या आणि नुकसान भरपाईच्या कागदांसाठी तलाठी ऑफिसला कोणीतरी सोबत पाहिजे. मला वाटतं ते येतील. ते नाहीच समजले तर पाळकांशी बोला, आणि तोपर्यंत पप्पांच्या खोलीत कोणाला एकटं बसू द्यायचं ते तुम्ही ठरवा, तेवढा हक्क तुम्हाला आहे.

फिजिओ चुकवू नका, अटॅकनंतरचे पहिले काही महिने सुधारणेसाठी सगळ्यात महत्त्वाचे असतात आणि औषध-व्यायाम करणं म्हणजे देवाच्या हाताविरुद्ध जाणं असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. आणि पप्पा जे दिवसभर गप्प पडून असतात, मध्येच रडतात, जेवत नाहीत, ते डॉक्टरांना स्पष्ट सांगा. पॅरालिसिसनंतर डिप्रेशन येणं खूप कॉमन आहे, त्यावर औषध मिळतं, त्याला विश्वासाची कमी समजून घरात झाकून ठेवू नका. पुढच्या अपॉइंटमेंटला हे कागदावर लिहूनच घेऊन जा, नाहीतर ओपीडीच्या गर्दीत राहून जातं.